सोलने बाहेर काढलेल्यांचं शहर : सॉन्गनामचा प्रकरण अभ्यास

सॉन्गनाम हे सोलच्या आग्नेयेला लागून असलेलं, नऊ लाखांहून अधिक वस्तीचं शहर. कोरियाबाहेर ते माहीत असतं ते बहुधा त्याच्या दक्षिण भागामुळे. बुंदांगमधले रुंद रस्ते आणि उद्यानं, पांग्योमधली काकाओ, एनसीसॉफ्ट यांसारख्या तंत्रज्ञान कंपन्यांची कार्यालयं, आणि पार सोलच्या महागड्या गांगनाम भागाशी बरोबरी करू पाहणारे फ्लॅटचे भाव. पण शहराची सुरुवात इथली नाही. उत्तरेकडच्या सुजॉन्ग आणि जुंगवॉन या भागांतल्या उभ्या चढाच्या टेकड्यांवर, १९६९ साली, तंबूंमध्ये हे शहर सुरू झालं. तिथे राहायला आलेल्यांपैकी बहुतेकांना विचारलं कुणी नव्हतं.

१९६८ ते १९७१ या काळात घेतलेले निर्णय आणि त्यातून १० ऑगस्ट १९७१ रोजी झालेला उद्रेक, हा या प्रकरणाचा मुख्य भाग. त्या निर्णयांचे पडसाद पुढे पन्नास वर्षं उमटत राहिले, म्हणून शेवटचा टप्पा आजवर आणला आहे. सार्वजनिक पदांवरच्या व्यक्तींची नावं दिली आहेत. रहिवासी आणि त्यांच्या समितीतले लोक यांचा उल्लेख त्यांच्या भूमिकेपुरताच केला आहे.

पार्श्वभूमी

कोरियन युद्धानंतर सोल झपाट्याने फुगलं. १९६० साली सुमारे २४.५ लाख असलेली लोकसंख्या १९७० साली ५५ लाखांच्या घरात गेली. खेड्यातून येणाऱ्यांना काम मिळत होतं, घर मिळत नव्हतं. शहरामधून वाहणाऱ्या चंग्येचॉन नाल्याच्या काठाने, रेल्वेरुळांच्या कडेने, टेकड्यांच्या उतारांवर फळ्या, पत्रे आणि डांबरी कागद यांची घरं उभी राहिली. १९६६ च्या मोजणीत अशी १ लाख ३६ हजारांहून अधिक अनधिकृत बांधकामं निघाली. एकेका बांधकामात दोन-तीन बिऱ्हाडं असायची, त्यामुळे माणसांचा आकडा याच्या कित्येक पट होता.

त्याच वर्षी किम ह्यॉन-ओक सोलचे महापौर झाले. लष्करातून आलेले, कामाचा प्रचंड उरक असलेले. लोक त्यांना ‘बुलडोझर’ म्हणत. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. तेव्हा सोलचा महापौर निवडून येत नसे, सरकार नेमत असे. नगरसेवक गाठावा म्हटलं तर नगरसेवकच नव्हते. १९६१ च्या लष्करी सत्तांतरानंतर स्थानिक परिषदा बरखास्त झाल्या होत्या आणि त्या परत यायला १९९१ उजाडलं. झोपडीवर नोटीस लागली तर ती घेऊन कुणाच्या दारात जायचं, याला उत्तर नव्हतं. पुढचं सगळं प्रकरण वाचताना ही पोकळी ध्यानात ठेवावी.

समोर असलेले पर्याय

झोपड्यांचं काय करायचं यावर महापालिकेपुढे तीन वाटा होत्या, आणि कागदोपत्री तिन्ही एकदमच सुरू होत्या.

पहिली वाट, जिथे आहेत तिथेच घरं सुधारून नियमित करायची. हे स्वस्त होतं, पण रस्ते, पूल आणि नाल्यावरचं छत यांसाठी हवी असलेली जागा त्यातून मोकळी होत नव्हती. शिवाय राजधानीचं ‘दिसणं’ सुधारत नव्हतं, आणि राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्या सरकारला त्याची बरीच फिकीर होती.

दुसरी वाट म्हणजे ‘नागरिक अपार्टमेंट’. टेकड्यांवर चार-पाच मजली इमारती घाईने उभारायच्या आणि त्यांत झोपडीधारकांना घालायचं. १९६९ मध्ये शेकडो इमारती उभ्या राहिल्या. आतली कामं, म्हणजे फरशी, चुलीची जागा, भिंतींचा गिलावा, रहिवाशांनी स्वतःच्या खर्चाने करायची होती. ८ एप्रिल १९७० च्या सकाळी वाऊ टेकडीवरची अशी एक इमारत कोसळली, तीसहून अधिक माणसं गेली. किम यांना पद सोडावं लागलं आणि ही वाट जवळपास बंद झाली.

तिसरी वाट, माणसांना शहराबाहेर हलवायचं. १९६८ मध्ये यासाठी जागा ठरली ती ग्यॉन्गी प्रांतातल्या ग्वांगजू तालुक्याचा डोंगराळ कोपरा. (१९८० च्या लोकशाही उठावाचं ग्वांगजू ते नैर्ऋत्येकडचं महानगर. हे ग्वांगजू वेगळं.) सुमारे ३५ लाख प्यॉन्ग जमिनीवर साडेतीन लाख माणसांचं उपनगर वसवायचं, अशी आखणी. एक प्यॉन्ग म्हणजे ३.३ चौरस मीटर.

वाऊच्या अपघातानंतर दुसऱ्या वाटेवरचा सगळा भार तिसरीवर आला. ग्वांगजूचं काम जेमतेम सुरू झालेलं असतानाच त्याच्याकडून अपेक्षा दुप्पट झाल्या. नवे महापौर यांग थेक-शिक यांच्या हाती हे सुरू झालेलं, अर्धवट आणि पैशाने कोरडं प्रकरण आलं.

पैशाचं गणित

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात जड निर्णय इथे आहे, पुढच्या नोटिशींमध्ये नाही.

महापालिकेकडे पुनर्वसनासाठी पैसा नव्हता. केंद्र सरकारचा पैसा द्रुतगती महामार्ग आणि निर्यातीचे कारखाने यांत जात होता. तेव्हा ठरलं असं की प्रकल्पाने स्वतःचा खर्च स्वतःच काढायचा. शेतकऱ्यांकडून जमीन प्यॉन्गला काहीशे वॉन (कोरियाचं चलन) अशा दराने घ्यायची. त्यातला एक भाग झोपडीधारकांना २० प्यॉन्गचा एकेक भूखंड करून हप्त्यांवर द्यायचा. राखून ठेवलेली जमीन, वस्ती वाढली आणि भाव चढले की, बाजारभावाने विकायची. त्या नफ्यातून रस्ते, पाणी, गटारं.

कागदावर हे चोख होतं. पण या गणितात एक गोष्ट अपरिहार्य होती. जमिनीचे भाव चढले नाहीत तर प्रकल्प बुडणार होता. भाव चढण्यासाठी आधी गर्दी हवी, म्हणजे सोयी होण्याच्या आधी माणसं आणावी लागणार. सट्टा आणि हलाखी, दोन्ही आराखड्यातच होती. नंतर महापालिकेने सट्टेबाजांवर खापर फोडलं, तेव्हा ती आपल्याच हिशेबातल्या एका रकान्यावर नाराज झाली होती.

रोजगाराबद्दलचं गृहीतक तर याहून सैल होतं. लाखभर माणसं एकत्र आली की एकमेकांना विकून-घेऊन त्यांचं पोट चालतं, असं तेव्हाचं प्रशासन धरून चाललं होतं. कारखान्यांसाठी जागा आखलेली होती, कारखाने मात्र मोजकेच आले.

जागेच्या निवडीतही एक मेख होती. जमीन सोल महापालिकेच्या मालकीची, पण हद्द ग्यॉन्गी प्रांताची. सोलला इथली माणसं हलवायची होती, सांभाळायची नव्हती. प्रांताने ती मागवलेलीच नव्हती.

प्रत्यक्षात काय झालं

१९६९ पासून महापालिकेचे ट्रक माणसं आणि त्यांचं सामान आणून टेकड्यांवर सोडू लागले. सुरुवातीला तंबू. खडूची रेघ आणि खुंटी मारून २० प्यॉन्गचे तुकडे पाडलेले. आराखडा टेबलावर काढलेला. चढ-उतार सपाट न करता चौकटी जशाच्या तशा टेकड्यांवर उमटवल्या. आजही थेप्यॉन्ग भागाचं हवाई छायाचित्र पाहिलं तर तेच दिसतं. एकसारखी चिमुकली छपरं सरळ रांगेत टेकडी चढतात आणि पलीकडे उतरतात, वाटेत कुठेही वळण नाही. जमिनीवर मात्र तो रस्ता इतका उभा आहे की काही ठिकाणी त्याच्या पायऱ्याच कराव्या लागल्या.

पाणी आणि संडास अपुरे, दवाखान्याची बोंब, आणि काम सोलमध्ये. बसने शहराच्या मध्यावर जायला तासाहून जास्त लागायचा. रोजंदारीवरच्या माणसाची मजुरी तिकिटात जायची आणि उशीर झाला की कामही जायचं. चंग्येचॉनच्या काठाला निदान बाजार दारात होता. तिथली बाई पाच मिनिटं चालत जाऊन शिवणाच्या कारखान्यात बसायची. इथे तिच्या हाताला काहीच नव्हतं.

मग जे व्हायचं तेच झालं. झोपडी पाडताना प्रत्येक कुटुंबाला भूखंडाच्या हक्काची चिठ्ठी मिळाली होती, तिला सगळे ‘त्ताकजी’ म्हणत. घर बांधायला पैसा नाही, खायला नाही, पण हातातल्या चिठ्ठीला भाव आहे. अनेकांनी ती विकली आणि सोलला परतून दुसऱ्या कुठल्या तरी उतारावर नवी झोपडी घातली. घेणारे दोन प्रकारचे होते. एक, दलाल आणि पैसेवाले, ज्यांनी चिठ्ठ्यांचे गठ्ठे केले. दुसरे, सोलमध्ये भाड्याच्या खोलीत राहणारे. यांची स्वतःची झोपडीही नव्हती, म्हणून पुनर्वसनाच्या यादीत नावही नव्हतं. त्यांनी साठवलेली भिशी-बचत मोडून चिठ्ठी घेतली, घर बांधलं आणि खरंच राहायला आले.

हा दुसरा गट पुढच्या सगळ्या घडामोडींचा कणा आहे. सरकारी कागदात तो पहिल्या गटापासून वेगळा कधीच काढला गेला नाही. दोघांनाही एकच शब्द, ‘हस्तांतरित खरेदीदार’.

१९७० मध्ये महापालिकेने चिठ्ठ्यांच्या विक्रीवर बंदी आणली. तोवर असंख्य चिठ्ठ्या दोन-तीन हात फिरून झाल्या होत्या. बंदीने व्यवहार थांबले नाहीत, लपले. १९७१ च्या वसंतात दोन निवडणुका होत्या, २७ एप्रिलला राष्ट्राध्यक्षपदाची आणि २५ मे रोजी संसदेची. मतं मागायला आलेल्यांनी जमीन, करमाफी, कारखाने, सगळं कबूल केलं. बांधकामांना ऊत आला, जमिनीचे भाव पेटले, रोजंदारीला काम मिळालं. मतदान संपलं तसं बांधकाम थंडावलं, आणि त्याबरोबर मजुरीही.

त्यानंतर आल्या नोटिसा.

निर्णयाचा क्षण पहिला : उन्हाळ्यातल्या नोटिसा

महापालिकेने ठरवलं की मूळ झोपडीधारकांना प्यॉन्गला सुमारे २,००० वॉन आणि हप्ते, पण चिठ्ठी विकत घेणाऱ्यांना ८,००० ते १६,००० वॉन, तेही एकरकमी, ३१ जुलैच्या आत. न भरल्यास तुरुंग किंवा दंडाची धमकी. भूखंडावर ठरलेल्या मुदतीत घर उभं नसेल तर वाटपच रद्द.

रक्कम उलगडून पाहू. २० प्यॉन्गच्या भूखंडाचे मूळ झोपडीधारकाला होतात ४०,००० वॉन. शेजारच्या, तेवढ्याच भूखंडावर त्याच्यासारखंच घर बांधून राहणाऱ्याला १,६०,००० ते ३,२०,०००. या माणसाने चिठ्ठीचे पैसे दलालाला आधीच मोजले आहेत आणि निवडणुकीनंतर त्याला काम नाही.

महापालिकेच्या बाजूनेही पाहायला हवं. राखीव जमिनीची विक्री अपेक्षेइतकी होत नव्हती आणि रस्त्यांची बिलं थकलेली होती. चिठ्ठ्यांच्या धंद्यात कमावणाऱ्यांकडून वसूल करणं तत्त्वतः गैर नव्हतं. फक्त कमावणारे एव्हाना निघून गेले होते. नोटीस पोचली ती शेवटच्या धारकाला, म्हणजे जो राहत होता त्याला. आणि हे शोधणं अवघड नव्हतं. कुणाच्या घरातून धूर निघतो आणि कुणाचा भूखंड रिकामा आहे, हे गल्लीतून एक चक्कर मारली तरी कळलं असतं.

त्यातच ग्यॉन्गी प्रांताने आपल्या हद्दीत झालेल्या मालमत्ता खरेदीवर कराच्या नोटिसा धाडल्या. प्रांताच्या दृष्टीने हा नियमित कर. पण काही आठवड्यांत दोन वेगवेगळ्या कार्यालयांचे कागद एकाच दारावर आले. दोन्ही कार्यालयांनी एकमेकांशी काही बोलून घेतल्याची चिन्हं दिसत नाहीत.

निर्णयाचा क्षण दुसरा : तीन आठवड्यांचं मौन

जुलैच्या मध्यावर रहिवाशांनी समिती केली. बैठका चर्चमध्ये व्हायच्या. सल्लागारांत एक धर्मगुरू होता, पूर्वी सरकारी पदावर राहिलेला आणि कागद कसे लिहायचे हे जाणणारा. समितीचं नावच मुळात ‘दर दुरुस्त करण्यासाठी’ असं, अर्जविनंतीच्या सुरात होतं. मागण्या मोजक्या होत्या : सरसकट प्यॉन्गला १,५०० वॉन, दहा वर्षांचे हप्ते, काही वर्षं करमाफी, आणि रोजगाराची सोय. सह्या गोळा झाल्या, अर्ज गेले.

ठोस उत्तर आलं नाही. ३१ जुलैची मुदत तशीच राहिली. समितीच्या नावातली ‘दुरुस्ती’ जाऊन ‘लढा’ आला. घोषणांचे कागद छापले गेले. त्यातली एक घोषणा अशी होती : शंभर वॉनला हिसकावलेली जमीन दहा हजारांना विकून नफा लाटू नका. दुसरीत कराबद्दल होतं : भुकेने रडणाऱ्या नागरिकांना करांनी डिवचू नका. हिशेब आणि पोट, दोन्ही गोष्टी लोकांना नेमक्या कळल्या होत्या.

महापालिकेने या काळात काय केलं असतं तर? मुदत महिनाभर पुढे ढकलणं हा एका परिपत्रकाचा प्रश्न होता. त्यासाठी पैसा लागत नव्हता, कायदा बदलायचा नव्हता. मला तरी हा मधला काळ उद्रेकाच्या दिवसापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. बहुतेक वर्णनांत तो दोन ओळींत उरकलेला असतो.

१० ऑगस्ट १९७१

महापौर यांग स्वतः येऊन सकाळी ११ वाजता भेटतील, असं ठरलं. पाऊस होता. प्रकल्प कार्यालयामागच्या टेकडीवर आणि भोवती माणसं जमली. संख्येचे अंदाज बदलतात, पण हजारोंनी होती यात वाद नाही. दिवसभरात त्यांत भर पडत गेली. ११ वाजून गेले, महापौर आले नाहीत. ते वाटेत होते, उशिरा पोचले. तोवर ‘परत फसवलं’ ही भावना पसरली होती.

जमाव कार्यालयात घुसला. कागदपत्रं बाहेर पडली, इमारत पेटली, सरकारी गाड्या जळल्या, पोलीस ठाण्यावर हल्ला झाला. बस आणि ट्रक ताब्यात घेऊन काही जण सोलच्या दिशेने निघाले. त्या दिवसाच्या वर्णनांत एक प्रसंग हटकून येतो आणि पुढे तो कथा-कादंबऱ्यांतही गेला. चामे, म्हणजे पिवळी, लांबट खरबुजं घेऊन चाललेला एक ट्रक गर्दीत सापडून उलटला. दगड हातात असलेली माणसं दगड टाकून चिखलात वाकली आणि मातीने माखलेली ती फळं तिथेच खाऊ लागली. ट्रक रिकामा होईपर्यंत बाकी सगळं थांबलं होतं.

संध्याकाळी पाचच्या सुमारास, साधारण सहा तासांनी, महापौरांनी मागण्या मान्य केल्या. गर्दी पांगली.

तत्काळ परिणाम

चिठ्ठी विकत घेणाऱ्यांनाही मूळ झोपडीधारकांचा दर लागू झाला. कर माफ झाला, धान्याची मदत आली, कारखान्यांचं आश्वासन मिळालं. वस्तीला शहराचा दर्जा देण्याची प्रक्रिया सुरू झाली. प्रकल्प सोलकडून ग्यॉन्गी प्रांताकडे गेला आणि १ जुलै १९७३ रोजी सॉन्गनाम हे स्वतंत्र शहर झालं.

२२ जणांना अटक झाली. वृत्तपत्रांनी या दिवसाला ‘धुडगूस’ म्हटलं, आणि ते बिरुद शहराला बराच काळ चिकटलं. सॉन्गनामचा पत्ता सांगितला की नोकरी देणारा भुवई उंचावतो, अशी तक्रार तिथल्या दोन पिढ्या करत आल्या. २०२१ मध्ये, पन्नासाव्या वर्षी, शहराने या घटनेला अधिकृतपणे नागरी हक्कांच्या चळवळीचं नाव दिलं.

सोलने घेतलेला धडा वेगळाच होता. एवढ्या मोठ्या संख्येने शहराबाहेर हलवण्याचा प्रयोग त्यानंतर झाला नाही. १९७३ मध्ये घरं सुधारण्यासाठी तात्पुरता कायदा आला आणि जागीच सुधारणा, ही पहिली टाकून दिलेली वाट, पुन्हा उघडली गेली.

पुढची पन्नास वर्षं : एकाच नावाची दोन शहरं

सांगदेवॉन भागात सत्तरीच्या दशकात कारखाने आले. शिवण, कापड, छोटी यंत्रं. पगार कमी, तास लांब. खेड्यातून थेट सॉन्गनामला येणारी कुटुंबं वाढली. १९७६ मध्ये आंदोंगजवळच्या डोंगरातून आलेल्या अशाच एका कुटुंबातला मुलगा प्राथमिक शाळेनंतर थेट इथल्या कारखान्यांत लागला, यंत्रात हात सापडून कायमचा अधू झाला, पुढे वकील झाला, २०१० मध्ये सॉन्गनामचा महापौर आणि जून २०२५ मध्ये देशाचा राष्ट्राध्यक्ष. ली जे-म्यंग यांचं राजकारण कुणाला पटो न पटो, पण ते कुठून आलं हे कळायला या टेकड्या पाहाव्या लागतात.

शहराच्या स्वभावात एक गोष्ट खोल रुजली : मागितल्याशिवाय मिळत नाही. २००३ मध्ये जुन्या भागातली दोन मोठी रुग्णालयं बंद झाली, तेव्हा रहिवाशांनी सह्या गोळा करून महापालिकेचं रुग्णालय काढण्याचा ठराव स्वतःच मांडला. परिषदेने तो आधी फेटाळला. लोक मागे लागले. अखेर २०२० मध्ये, जुन्या नगरभवनाच्या जागेवर, सुमारे ५०० खाटांचं सॉन्गनाम वैद्यकीय केंद्र सुरू झालं. मोरानचा आठवडी बाजार, खरं तर दर पाच दिवसांनी भरणारा, म्हणजे ज्या तारखेच्या शेवटी ४ किंवा ९ येतो त्या दिवशीचा, आजही गजबजतो. नामहानसानसॉन्गच्या किल्ल्याकडे जाणारी वाटही याच जुन्या भागातून वर चढते.

आणि मग १९८९. ऑलिंपिकनंतर सोलमध्ये घरांच्या किमती भडकल्या होत्या. २७ एप्रिलला रोह तै-वू यांच्या सरकारने बुंदांग आणि इल्सान ही नवी उपनगरं जाहीर केली. बुंदांगची जागा सॉन्गनामच्याच हद्दीतली, जिथे कित्येक वर्षं बांधकामबंदी होती. योजना ३ लाख ९० हजार माणसांची. पहिली कुटुंबं सप्टेंबर १९९१ मध्ये राहायला आली. १९९४ मध्ये रेल्वे आली. आधी जमीन सपाट, आधी रस्ते, शाळा, उद्यान, मग कुलपाच्या किल्ल्या. १९६९ मध्ये चुकलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट इथे बरोबर झाली. फरक एवढाच की इथे येणारा ग्राहक होता, हलवलेला माणूस नव्हता.

जुन्या टेकड्यांच्या पोटातून जाणारी आठ क्रमांकाची मेट्रो १९९६ मध्ये सुरू झाली. वस्तीला तेव्हा पंचवीसहून अधिक वर्षं झाली होती. बुंदांगच्या माणसाला कुठे राहता विचारलं तर तो बुंदांग म्हणतो, सॉन्गनाम म्हणत नाही. एकच महापालिका, एकच नगरभवन, पण अधूनमधून बुंदांग वेगळं करा अशी मागणी निघतेच.

दरम्यान २० प्यॉन्गच्या भूखंडांवर मजले चढले. तळघरात एक भाडेकरू, वर दोन-तीन. गाडी लावायला जागा नाही, अग्निशमनाची गाडी वळत नाही. पुनर्विकास करायचा तर तोच जुना प्रश्न : बांधकाम होईस्तोवर माणसं जाणार कुठे? या वेळी उत्तर नीट विचार करून काढलं होतं. पांग्योमध्ये साडेतीन हजारांहून अधिक घरं फक्त यासाठी बांधली. जुन्या भागातली कुटुंबं तिथे तात्पुरती राहतील, घर तयार झालं की परत येतील, मग पुढची तुकडी. पण २०१० मध्ये भूमी व गृहनिर्माण महामंडळाने परवडत नाही म्हणून दुसऱ्या टप्प्यातून अंग काढून घेतलं. टेकडीवर गळकी घरं भरलेली आणि पांग्योत नवी कोरी घरं कुलूपबंद, असा तमाशा काही वर्षं चालला. नंतर तो टप्पा पुन्हा सुरू झाला आणि आज त्या उतारांवर टॉवर उभे आहेत. पुनर्विकासात मालकाला हक्क मिळतो. तळघरातल्या भाडेकरूचा हक्क पातळ असतो, आणि तो बऱ्याचदा आणखी लांबच्या कुठल्या तरी गावी जातो.

काय वेगळं करता आलं असतं

महापौर वेळेवर आले असते तर उद्रेक टळला असता, असं बऱ्याचदा म्हटलं जातं. त्या दिवशी कदाचित टळला असताही. पण मुदत संपून गेलेली होती, दर तोच होता आणि काम नव्हतं. ठिणगी दुसऱ्या दिवशी पडली असती.

चिठ्ठ्यांचं प्रकरण सुधारता येण्यासारखं होतं. गरीब माणसाच्या हातात विकता येणारी एकच वस्तू दिली आणि जगायचं साधन दिलं नाही, तर तो ती विकणारच. बंदी घालण्याऐवजी पहिल्या दिवसापासून हस्तांतराची नोंद ठेवली असती, राहणाऱ्याला एक दर आणि रिकाम्या भूखंडाला दुसरा लावला असता, तर महापालिकेला पैसाही मिळाला असता आणि तो योग्य माणसाकडून. समितीची मागणी तरी याहून फार वेगळी कुठे होती?

बसचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण मला तो तसा वाटत नाही. पहिली तीन-चार वर्षं सोलला जाणाऱ्या स्वस्त, पहाटेच्या बस चालवल्या असत्या, तर कारखाने येईपर्यंत जुनी कामं टिकली असती. त्याचा खर्च एखाद्या उड्डाणपुलापुढे काहीच नव्हता. ट्रकची पुढची खेप आधीच्या खेपेतल्या किती जणांना काम मिळालं हे पाहून सोडायची, एवढा एक नियमही पुष्कळ होता. ट्रक मात्र सोलमध्ये कुठली जागा मोकळी करायची आहे, त्या वेळापत्रकाने सुटत होते.

सगळ्यात अवघड भाग पैशाचा. खर्च भरून काढायला जमिनीचा भावच चढायला हवा, असं ठरलं की मग बाकीचे निर्णय त्या उताराने आपोआप घरंगळतात. सोलकडे पैसा नव्हता हे खरं. मग इतक्या माणसांना हलवायलाच नको होतं, असं म्हणावं लागतं. जागीच सुधारणा करण्याची वाट १९७३ मध्ये जशी सापडली तशी १९६८ मध्येही होतीच. अर्थात त्या वेळच्या राजवटीत ती कुणी सुचवून टिकला असता का, ही वेगळी गोष्ट.

आणखी एक हिशेब महापालिकेच्या नावावर मांडायला हवा. सह्यांच्या अर्जाला तीन आठवड्यांत काही मिळालं नाही, जाळपोळीला सहा तासांत सगळं मिळालं. त्यानंतर लोकांनी कायदा हाती घेऊ नये असं सांगणाऱ्या अधिकाऱ्याकडे सांगण्यासारखं फारसं उरत नाही.

आता पाळी बुंदांगची आहे. तिथल्या इमारतींना तीस वर्षं उलटून गेली. जुन्या नियोजित उपनगरांच्या पुनर्बांधणीचा विशेष कायदा २०२४ मध्ये लागू झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बुंदांगमधल्या पहिल्या संकुलांची निवड झाली. ती पाडल्यावर रहिवासी मधल्या काळात कुठे राहतील, म्हणून डिसेंबरमध्ये मंत्रालयाने याटाप भागातल्या मोकळ्या जागेवर सुमारे दीड हजार घरं बांधायचं जाहीर केलं. याटापच्या रहिवाशांनी विरोध केला. आम्हाला विचारलं नाही, रस्त्यांवरचा भार वाढेल, असं त्यांचं म्हणणं होतं. सॉन्गनाम महापालिकेने मंत्रालयाला ती योजना मागे घ्यायला सांगितलं. पाडायच्या संकुलांची यादी मात्र तशीच कायम होती.